गल्लीवरची वायर

माझं मशीन उघडलं नाही, हीच सुदामराव गेल्याची मला आलेली पहिली बातमी. मला ती कळली नाही, एवढंच. माझ्या मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरला, स्वतःची डिस्क नव्हती; चालू व्हायला लागणारं सगळं सुदामरावांच्या डिस्कवरून यायचं. संगमनेरला आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्यासमोर, आणि मधून, शेवग्याच्या फांदीवरून, एक काळी वायर गेलेली. सकाळी सहाला ते आपलं मशीन लावायचे, त्याला ऐटीत 'सर्व्हर' म्हणायचे, आणि मग त्या वायरीतून शोधत शोधत माझं मशीन उघडायचं. त्या दिवशी ते नुसतं शोधत राहिलं. मी वैतागलो. सांधा सैल झाला असणार असं धरून अर्धा तास तो हलवत बसलो, सुदामरावांच्या नावाने पुटपुटलोही... शेवटी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गल्ली ओलांडली. दारात वहिनी उभ्या होत्या. "भाऊजी, ते उठलेच न्हाईत," म्हणाल्या. हातातला स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवावा, ते मला बराच वेळ सुचलं नाही.

सुदामराव अकोले तालुक्यातल्या डोंगरातले, साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. मी कॉलेजातला ग्रंथपाल, तोही निवृत्त, आणि बायको गेल्यापासून एकटा. एका ऑफिसाने भंगारात काढलेले दोन कॉम्प्युटर त्यांनी टेम्पोत घालून आणले. एकात डिस्क होती, दुसऱ्यात नव्हती. "बिनडिस्कचं तुमी घ्या, मास्तर. तुमाला दुसऱ्याच्या पुस्तकांवर जगायची सवयच हाय," असं म्हणून त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. मी कधी शिकवलं नाही, पण त्यांच्या लेखी मास्तरच. त्यांच्या गावाकडच्या भाताच्या जातींची यादी आम्ही करत होतो. त्यांनी नावं आठवायची, मी नोंदवायची. काम चालू असताना माझ्या पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटायची, इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच: 'चहा टाकलाय. या.' खिडकीतून हाक मारली असती तरी ऐकू आली असती. पण नाही, ओळच पाठवायची.

गेलं वर्षभर सर्व्हर कुरकुरत होता. एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडायचं. दिवाळीपासून सुदामरावांनी धोशाच लावला होता, "लई ठिगळं झाली. हे समदं पुसू आन पहिल्यापासनं मांडू." मला ते नको होतं. त्यात आठवडाभर मशीन बंद राहणार, आणि त्या वयात नवं काही शिकायचा मला कंटाळा. मी थट्टेवारी न्यायचो. शेवटच्या संध्याकाळीही विषय निघाला, तेव्हा मी म्हणालो, "तुम्हाला रिकामपण सोसत नाही, सुदामराव. चालतंय ते चालू द्या." "बरं, तुमी म्हनाल तसं," म्हणाले आणि चपला घालून निघाले... हे बोलणं मला फार लागून राहिलं आहे.

पुढे तीन आठवडे रोज सकाळी मीच त्यांच्या खोलीत जाऊन सर्व्हर लावत होतो. तो घरघरत चालू व्हायचा, मग मी घरी येऊन माझं मशीन उघडायचो. वेडेपणा होता, पण त्या निमित्ताने त्या खोलीत जाता यायचं. एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी नाशिकला लेकीकडं चालले. घर बंद ऱ्हाईल. ह्याचं काय ते ठरवा." आणि त्यांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक डबा आणि वही काढून दिली. डब्यात नवी डिस्क होती. वर सुदामरावांच्या अक्षरात 'मास्तर' लिहिलेलं. वहीत सगळं पहिल्यापासून मांडायची कृती होती, आणि पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 'मास्तरांच्या मशीनला स्वतःची डिस्क घालायची. आपलं बंद पडलं तरी त्यांचं अडायला नको.'

"छातीत दुखायचं त्यांच्या," वहिनी म्हणाल्या. "तुमाला सांगू नको म्हनले हुते. हसतील म्हनले."

मी त्या दिवशी घरी येऊन रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. वही उघडायला मात्र आणखी चार दिवस लागले. एकदा वाटलं, डिस्क तशीच ठेवावी, बंद घराची किल्ली मागून घ्यावी आणि रोज जात राहावं. पण त्यांनी एवढं मनावर घेऊन लिहिलेलं मी दुसऱ्यांदा थट्टेवारी कसं नेणार? एका रविवारी त्यांच्या सर्व्हरमधून भातांची यादी फ्लॉपींवर उतरवून घेतली, तो शेवटचा बंद केला, आणि वही समोर ठेवून माझं मशीन मांडायला बसलो. सुदामराव पानोपानी सोबत होते. 'इथं घाई करू नका, मास्तर.' 'इथं वेळ लागतो, चहा घ्या.' दोनदा चुकलो, दोनदा सगळं पुसून पहिल्यापासून केलं. संध्याकाळी ते चालू झालं.

वहिनी गेल्या. समोरच्या दाराला कुलूप आहे. वायर मी काढलेली नाही, ती शेवग्यावरून तशीच त्यांच्या बंद खिडकीत गेली आहे. सकाळी सहाला बटण दाबलं की माझं मशीन आता लगेच उघडतं, कुणाला शोधत नाही. मी मात्र पडद्याच्या तळाकडे थोडा वेळ बघत बसतो. मग उठून माझा चहा मीच टाकतो.