ओटोच्या खुर्चीवरचे अण्णा

सन १९५७, डिसेंबरातला एक मंगळवार, दुपारी सव्वाचारचा सुमार. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या एका छापखान्यात मी वापरून झालेले इंग्रजी अक्षरांचे शिशाचे खिळे पुन्हा त्यांच्या खणांत टाकत होतो. एखादा खिळा चुकीच्या खणात पडला तर पुढच्या मजकुरात चूक उमटते, म्हणून हे काम करताना मी मान वर करीत नसे. त्या दिवशी केली, कारण समोर काळा कोट आणि गळ्याला फुलपाखरासारखी गाठ असा वेष करून एक उंच गृहस्थ उभे होते. काखेत लांबट पेटी होती. वर्षअखेरीच्या नाचाचे हस्तपत्रक त्यांना छापून हवे होते. कागदावर 'लिंडन डान्स बँड' असे नाव आणि खाली सात वादकांची नावे होती. वाल्टर, ओटो, कार्ल, फ्रिट्झ अशी ती नावे वाचून मी विचारले, "हे सगळे जर्मन का हो?"

"तिघे आहेत. बाकीचे इथलेच."

"आणि हा ओटो?"

"ओटो मी. जगताप. पलीकडच्या गल्लीत राहतो."

ज्यांच्या साठाव्या वर्षानिमित्त आपली मंडळी हा ग्रंथ काढीत आहेत, त्या हणमंतराव जगतापांची आणि माझी ओळख अशी झाली. यादीत य्युर्गन असे एक नाव होते. त्याच्या इंग्रजी लिपीतल्या 'यू'वर दोन टिंबे लागतात आणि आमच्या छापखान्यात तसा खिळा नव्हता. मी सर्वांत बारीक टाइपातले दोन पूर्णविराम कानशीने घासले आणि अक्षराच्या डोक्यावर बसवले. कच्ची छपाई पाहायला हणमंतराव आले तेव्हा त्यांनी कागद उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. मला वाटले चूक सापडली. ते म्हणाले, "इतकी पत्रकं छापली, पण ही टिंबं आजवर कुणी दिली नव्हती. तू आनेकलचा ना रे? तालमीला ये एकदा."

लिंडन हे जर्मनीतल्या एका झाडाचे नाव. दंडूतल्या, म्हणजे कॅन्टोन्मेंटमधल्या, एका हॉटेलात वाजवायला सात जर्मन वादक महायुद्धाच्या आधी बंगळूरला आले आणि त्यांनी आपल्या बँडला हे नाव दिले. युद्ध सुरू होताच सरकारने त्यांना छावणीत नेऊन ठेवले. युद्धानंतर काही जण मायदेशी गेले आणि उरलेल्यांनी पुन्हा बँड उभा केला. त्यांच्या सात सागवानी खुर्च्या एका गोदामात तशाच राहिल्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीमागे पहिल्या वादकाचे नाव तेलरंगात लिहिलेले होते. जो गेला त्याच्या खुर्चीवर नवा माणूस बसे, आणि बँडमध्ये त्याला खुर्चीच्याच नावाने हाक मारीत. मद्रासहून आलेले ट्रम्पेटवाले दुरैराज हे कार्ल झाले. १९५२ साली क्लॅरिनेट वाजवणारे ओटो जर्मनीला परतले आणि ती खुर्ची हणमंतरावांना मिळाली.

त्याआधी हणमंतराव लग्नाच्या वरातींत वाजवीत. लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी त्यांना क्लॅरिनेट आणि नोटेशन शिकवले होते. जर्मनांचे मुख्य वादक वाल्टरसाहेब एकदा जटक्यातून चिकपेटेकडे निघाले असता वरातीमुळे अडकले, आणि घोडा हलायला तयार नसल्यामुळे त्यांना संपूर्ण वरात ऐकावी लागली. हणमंतराव म्हणतात, "मला त्या घोड्याने निवडलं." घरी मात्र हे सहज पचले नाही. गल्लीतले वडीलधारे ओट्यावरून विचारीत, "काय हणमंतराव, काल किती मड्डमा नाचवल्या?" त्यांच्या मातोश्रींना मुलगा साहेबांच्या नाचात वाजवतो याचे दुःख होते, पण नव्या नावाचा त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला होता. "लहानपणी ओट्यावर बसूनच वाजवायचा तो. साहेबांना कुणी सांगितलं असेल."

मी तालमीला जाऊ लागलो. गावाकडे, बंगळूरजवळच्या आनेकलात, मी भजनात ढोलकी वाजवीत असे. लिंडनचा ड्रमवाला ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा हणमंतरावांनी वाल्टरसाहेबांना माझे नाव सुचवले आणि मी फ्रिट्झच्या खुर्चीवर बसलो. दिवसा छापखाना आणि संध्याकाळी ड्रम असे माझे जीवन सुरू झाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चूक होईल या भीतीने मी सगळ्यांची नोटेशनेसुद्धा तपासून पाही. पाश्चात्त्य सुरांना ए पासून जी पर्यंत सात अक्षरे असतात हे मी पाठ केले होते. जुन्या जर्मन कागदांवर सुरांच्या नावांत जागोजागी 'एच' आढळला, तेव्हा मी पेन्सिलीने प्रत्येक 'एच'भोवती वर्तुळ काढले आणि हणमंतरावांना म्हणालो, "अण्णा, फार छापील चुका आहेत."

ते इतके हसले की सरस्वतीअक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून बाहेर आल्या. मग अण्णांनी समजावले की ज्या सुराला इंग्रज 'बी' म्हणतात त्याला जर्मन 'एच' म्हणतात, आणि जर्मनांचा 'बी' हा त्याच्या शेजारचा कोमल सूर. दुरैराज नवे असताना याच घोटाळ्यात सापडले होते आणि एक संपूर्ण वॉल्ट्झ, म्हणजे गिरक्यांच्या नाचाची धून, त्यांनी बेसूर वाजवली होती. त्यांनाही अण्णा रागावले नव्हते. मला म्हणाले, "त्यांच्या घरात त्या सुराला त्या नावाने हाक मारतात. आपण त्यांच्या घरी आलोय, तर त्याच नावाने बोलवायचं. सूर काय, कुठल्याही नावाला ओ देतो. पण तो खरा लागला पाहिजे." पुढच्या प्रसंगात हे वाक्य मला पुन्हा आठवले.

माणसे जात राहिली. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी जर्मनीला. जाणाऱ्याला निरोप द्यायला सगळा बँड कॅन्टोन्मेंट स्टेशनवर जायचा आणि गाडी हलेपर्यंत वाजवायचा, ही अण्णांनी घातलेली रीत. १९६२ साली स्वतः वाल्टरसाहेब प्रकृतीमुळे जर्मनीला बहिणीकडे परत गेले. त्यांनी बँड अण्णांच्या हाती सोपवला. स्टेशनवर त्यांनी एवढेच सांगितले, "सात खुर्च्या, ओटो. एकही रिकामी नको." अण्णांनी वाल्टरच्या खुर्चीवर नवा ॲकॉर्डियनवाला बसवला. स्वतः मात्र ते ओटोच्याच खुर्चीवरून बँड चालवू लागले.

आता लिंडनमध्ये एकही जर्मन उरला नव्हता. ज्या क्लबात आम्ही दर शनिवारी वाजवीत होतो, त्या क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांनी अण्णांना बोलावले. मीही बरोबर होतो.

"करार जर्मन बँडशी आहे, मिस्टर जगताप. जर्मन कुठे आहे?"

"संगीत तेच आहे, साहेब. तालीम तीच आहे."

"मेंबर लोकांना गोरा चेहरा लागतो. एक सोपा उपाय सांगतो. माझ्या ओळखीचा एक गोरा गृहस्थ आहे. त्याला वाल्टरच्या खुर्चीवर बसवा. त्याने नुसता हात हलवायचा. कुणाला कळणार आहे?"

"ही लबाडी होईल, साहेब."

सेक्रेटरीसाहेबांनी टेबलावरचे आमचे हस्तपत्रक उचलले आणि अण्णांपुढे धरले. "आणि हे? इथे ओटो छापलंय. तुम्ही ओटो आहात का?"

ते पत्रक मीच जुळवलेले होते. अण्णांनी पत्रक हातात घेऊन ते नाव वाचले. मग म्हणाले, "खुर्चीचं नाव ओटो आहे. पण बाहेरच्या माणसाला खुर्ची दिसत नाही, हे तुमचं खरं. हे आमचं चुकलंच. पुढच्या शनिवारी दुरुस्त करतो."

जटक्यातून परतताना मी घाबरलो होतो. सात घरांची चूल त्या शनिवारांवर चालत होती. तालमीला दुरैराज चिडून म्हणाले, "स्वल्प ॲडजस्ट करा ना अण्णा! एक गोरा बसला तर आपलं काय जातं?"

"आपलं काही जात नाही," अण्णा म्हणाले. "आज तो नुसता हात हलवील. उद्या तुझ्या खुर्चीवर कुणी नुसता ट्रम्पेट धरून बसेल, आणि मागे पडद्याआड तू वाजवशील. चालेल?"

दुरैराजांनी ट्रम्पेट खाली ठेवला. मग म्हणाले, "सरी, कबूल, अण्णा. पण गल्लीत विचारलं तर मी सांगणार, तुमच्यामुळे उपाशी आहे."

"सांग. पत्ता पण दे. अक्का जेवायला वाढेल."

त्या आठवड्यात मी नवे पत्रक जुळवले. सात खरी नावे आणि सात गावे. पुढच्या शनिवारी अण्णा वाद्य हातात घेऊन पुढे आले आणि त्यांनी इंग्रजीत सांगितले की आज आम्ही आधी आमची ओळख करून देणार आहोत. एकेका वादकाला त्यांनी उभे केले. "कार्लच्या खुर्चीवर, दुरैराज, मद्रास. फ्रिट्झच्या खुर्चीवर, सदाशिव, आनेकल." आनेकलचे नाव त्या दिव्यांच्या झुंबरांखाली उच्चारले गेले तेव्हा मी ड्रमच्या काठ्या हातात घेऊनच उभा राहिलो. शेवटी अण्णा स्वतः उरले. तेवढ्यात पुढच्या टेबलावरच्या एका वृद्ध अँग्लो-इंडियन बाईंनी मोठ्याने विचारले, "देन हू इज ओटो?"

अण्णा किंचित झुकले. "आय ॲम ओटो, मॅडम, सिन्स नाइन्टीन फिफ्टी-टू. बट माय मदर कॉल्स मी हणमंत."

सगळा हॉल हसला. अण्णांनी वळून, वाल्टरसाहेब मोजायचे तसेच मोजले, "आइन्स, त्स्वाय, द्राय," आणि आम्ही सुरुवात केली. त्या रात्री नाचाची जमीन एकदाही रिकामी झाली नाही. तरीही महिनाअखेरीस क्लबाने करार संपवला.

पुढचे काही महिने कठीण गेले. एकदोन कामे मिळत, तीही लहान. पण अण्णांच्या घरची मंगळवारची तालीम एकदाही चुकली नाही. दुरैराज म्हणत, "अण्णा, ऐकायला कुणी नाही, तालीम कशाला?" अण्णा म्हणत, "ऐकायला कुणी नसलं की चुका नीट ऐकू येतात." अक्कांनी त्या काळात सातांपैकी कुणालाही जेवल्यावाचून घरी जाऊ दिले नाही. त्यांच्या हाताच्या बांगड्या त्या दिवसांत कमी झालेल्या मी पाहिल्या. याबद्दल घरात कुणी बोलले नाही, म्हणून मीही अधिक लिहीत नाही.

मग राजाजीनगरात एका कारखान्याच्या वार्षिक समारंभाचे बोलावणे आले. समोर कामगारांची कुटुंबे सतरंज्यांवर बसली होती. वॉल्ट्झवर नाचायचे असते हे तिथे कुणालाच माहीत नव्हते. पहिले दोन वॉल्ट्झ होईपर्यंत कुणी हलले नाही. तिसऱ्या वॉल्ट्झला मुले उठली आणि हात पसरून गरगर फिरू लागली. मग त्यांना पकडायला त्यांच्या आया उठल्या. अण्णा वाजवता वाजवता माझ्याकडे वळून डोळ्यांनी हसले. त्या दिवसापासून लिंडन कारखान्यांत, शाळांत, नाताळात आणि लग्नांत वाजवू लागला, आणि आजही वाजवतो.

माझ्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा मी संकोचाने गप्प होतो. अण्णांनी स्वतःच तारीख विचारली. आनेकलच्या वरातीत काळे कोट घातलेले सहा जण बैलगाडीत खुर्च्यांवर बसून वॉल्ट्झ वाजवीत होते, आणि मी नवरीचा भाऊ म्हणून पुढे चालत होतो. गावातल्या एका म्हाताऱ्यांनी अण्णांना विचारले, "कुठल्या देशाचा बँड हा?" अण्णा म्हणाले, "चामराजपेटेचा." बिदागीचे नाव काढल्यावर मात्र ते माझ्यावर रागावले. इतक्या वर्षांत तेवढेच एकदा.

गेल्या वर्षी अण्णांच्या छातीचा त्रास वाढला आणि डॉक्टरांनी क्लॅरिनेट फुंकायला मनाई केली. आम्ही म्हणालो, थांबू, तुम्ही बरे झालात की पाहू. अण्णांनी ऐकले नाही. "सात खुर्च्या," ते म्हणाले, "एकही रिकामी नको." दंडूतल्या मेरी नावाच्या एका मुलीला त्यांनी तीन महिने शिकवले आणि ओटोच्या खुर्चीवर बसवले. आता लिंडनमधला ओटो ही एक झग्यातली मुलगी आहे, आणि पत्रकावर तिचे खरे नाव छापलेले असते. अण्णा दर मंगळवारी तालमीला असतातच, पण खुर्च्या सातच, म्हणून ते नोटेशनच्या ट्रंकेवर बसतात. साठ वर्षांच्या माणसाने आमच्यासमोर ट्रंकेवर बसावे, हे आम्हाला पाहवेना.

म्हणून आम्ही आठवी खुर्ची करवून घेतली आहे. सागवानाचीच, त्याच घडणीची. पाठीमागे तेलरंगात नाव मी लिहिले. लिहिण्याआधी तीन वेळा खडूने काढून पाहिले, कारण हे नाव चुकून चालणार नव्हते. 'अण्णा' एवढेच लिहिले आहे. सत्काराच्या दिवशी ते तिच्यावर बसतील.

लिंडनची रीत अशी आहे की खुर्चीवर जो बसेल त्याला त्या खुर्चीचे नाव लागते. तेव्हा या खुर्चीवर पुढे जो कुणी बसेल, त्यालाही आम्हाला अण्णाच म्हणावे लागेल. ती वेळ आमच्यापैकी कुणालाही पाहायची नाही. हणमंतरावांची छाती लवकर बरी व्हावी, त्यांनी दर मंगळवारी बसून आमच्या चुका ऐकाव्यात, आणि सात खुर्च्यांवरची माणसे कितीही वेळा बदलली तरी आठव्या खुर्चीवरचा माणूस बदलू नये.