साध्या डिस्कचा दोष

सिनेमांच्या डिस्क विकणाऱ्या काकांना गिऱ्हाइकं विचारत, "एचडी घेऊ की साधी?"

"गोष्ट तीच, नट तेच. उगाच खिसा कशाला हलका करता?" काका हसून म्हणत.

घरीही ते साध्याच डिस्क आणत. काकू टीव्हीजवळ खुर्ची ओढून म्हणायच्या, "अहो, चेहरे पुसट दिसतात."

"साधी डिस्क अशीच दिसणार."

बरेच दिवस हेच चाललं. शेवटी लग्नाच्या वाढदिवसाला काकांनी हौसेनं एचडी आणली. नटीच्या भुवईचा केसन् केस दिसत होता. काकू म्हणाल्या, "हीपण साधीच ना? चिकटपणा काही सुटत नाही तुमचा."

काकांनी दुसऱ्याच दिवशी काकूंना तपासायला नेलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "लवकर आला असतात, तर नजर वाचली असती."

आता गिऱ्हाइकानं तोच प्रश्न विचारला, की काका आधी विचारतात, "घरी कुणाला पुसट दिसतं का?"