दोन-सहाची नळी

आमच्या गाडीच्या टर्बोला आणि मला एकाच मापाची बांगडी बसते. ही माहिती मला नको होती, पण आता ती रोह्यातल्या माझ्या सगळ्या व्याही मंडळींना आहे.

सुरुवात उंदराने केली. माझ्या लेकीच्या, केतकीच्या, साखरपुड्याला आठवडा उरला असताना तो बॉनेटमध्ये शिरला आणि एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत हवा नेणारी नळी त्याने कुरतडली. (पेणमध्ये उंदराला शिव्या द्यायचीही चोरी. अर्ध्या गावाचं पोट त्याच्या मालकाच्या मूर्तींवर चालतं!) टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. नळीला भोक पडलं की तो धूळ खातो आणि मरतो, असं आमच्या ह्यांनी मला भरल्या गळ्याने सांगितलं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हा गळा कोरडा होता.

"कंपनीची नळी यायला टाइम लागंल," गॅरेजवाला दिनू म्हणाला. "तवर बाहेरची बसवा."

"त्यापेक्षा भाड्याची गाडी करू," मी म्हटलं.

"व्याह्यांच्या दारात भाड्याची गाडी? नाय!" हे म्हणाले आणि मोबाइलवर नळ्या बघायला बसले.

मुलीचं स्थळ बघताना या माणसाने एवढी चौकशी केली नव्हती. "ॲल्युमिनियमची चकाकते गो, पण तापते. साधी रबराची स्वस्त, पण टर्बोने जोरात हवा ओढली की चपटी होते, शहाळ्यातल्या स्ट्रॉसारखी. सिलिकॉनची एक नंबर. चार थर असतात. आता प्रश्न एकच हाय."

"कसला?"

"लाल की निळी?"

"अहो, बॉनेटखाली कोण बघायला जातंय?"

"मी जातो ना!"

लाल-निळ्यात दोन दिवस गेले. बाथरूमच्या कामातून उरलेला पाइप माळ्यावर आहे, असं मी एकदाच सुचवलं. त्यावर ते जेवणाच्या ताटावरून उठले. मग डोलवीच्या कारखान्यात त्यांना डबल शिफ्ट लागल्या आणि नळीचा कारभार मी हातात घेतला.

"आई, प्लीज," केतकी म्हणाली, "तू प्रत्येक गोष्टीत हात घालतेस. रोह्याला तरी काही गोंधळ नको. त्यांच्याकडे सगळं कसं व्यवस्थित असतं."

पण माझं पेणच्या बाजारात बांगड्यांचं दुकान. गोल वस्तूचं माप मला कळत नाही असं म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे! मी गॅरेजमध्ये गेले, हातातली पाटली काढली आणि टर्बोच्या तोंडावर सरकवली. बरोब्बर बसली. दोन-सहा!

दिनू दोन पावलं मागे सरला. "काकू, टेप हाय माझ्याकडं."

"असू दे."

तिथूनच मी पनवेलच्या पार्टवाल्याला फोन लावला. "सिलिकॉनची नळी हवी, लाल, चार थरांची. माप दोन-सहा."

"इंचात ना, ताई?"

"इंचातच."

"दोन पॉइंट सहा. नक्की?"

"अहो, माझा रोजचा धंदा आहे!"

कसला धंदा, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बांगडीच्या मापात इंचाचे सोळा भाग असतात, जुन्या रुपयाच्या सोळा आण्यांसारखे. दोन-सहा म्हणजे दोन इंच सहा आणे. अडीच इंचाला आम्ही दोन-आठ म्हणतो. उरलेलं जग अडीचला दोन पॉइंट पाच म्हणतं, आणि दोन पॉइंट सहा त्याच्याहून मोठं! थोडक्यात, मी अडीचपेक्षा लहान नळी मागितली आणि त्या बिचाऱ्याने अडीचपेक्षा मोठी पाठवली.

नळी आली ती साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. टर्बोच्या तोंडावर चढवली तर पोराने बापाची हाफपँट घातल्यासारखी लोंबायला लागली. परत पाठवायला वेळ नव्हता. मी दुकानातून केसांचे जाड मखमली रबर आणले, टर्बोच्या तोंडावर दाटीने चढवले, वर नळी घातली आणि दिनूला क्लॅम्प आवळायला लावला.

"काकू, हे टिकायचं नाय."

"रोह्यापर्यंत टिकलं म्हणजे झालं."

ह्यांना मी काही बोलले नाही. लाल नळी बघून ते इतके हरखले होते की बोलणं बरंही दिसलं नसतं.

वडखळ गेलं, नागोठणं गेलं. गाडी मस्त. रोह्याच्या वाटेवर भिसे खिंडीचा चढ लागला आणि हे म्हणाले, "आता बघ टर्बो!" त्यांनी पाय दाबला. फट्ट! बॉनेटमधून शंख फुंकल्यासारखा आवाज यायला लागला आणि गाडी इतकी मंदावली की पाण्याचा एक टँकर आम्हाला मागे टाकून गेला. वर त्याच्या क्लीनरने टाटा केला!

बॉनेट उघडलं. नळी सुटून बाजूला पडली होती आणि टर्बोच्या तोंडाशी एक जांभळा रबर लोंबत होता.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"केसांचा रबर."

"माझ्या टर्बोला?"

"मखमलीचा आहे हो."

तेवढ्यात रोह्याहून फोन आला. माझ्या विहीणबाई, वसुधाताई. "कुठवर आलात? गुरुजी घड्याळ बघतायत. त्यांना पुढे कोलाडला जायचंय."

"आलोच," मी म्हटलं. मागच्या सीटवर नव्या शालूत बसलेली केतकी रडायच्या बेतात होती. "आई, सगळी माणसं ताटकळलीत. त्यांना काय वाटेल?"

मी नळीकडे बघितलं. टर्बोकडे बघितलं. मधली फट बघितली आणि मग माझ्या हाताकडे बघितलं. फट बरोब्बर पाटलीच्या जाडीची होती!

"नाय हां!" हे ओरडले. पण तोवर माझ्या दोन्ही पाटल्या टर्बोवर चढल्या होत्या. वर नळी, वर क्लॅम्प, ह्यांच्या हातात पाना. या खटाटोपात माझा हिरवा चुडा बॉनेटला आपटून फुटला, तो वेगळाच. पण गाडी पळाली! रोह्यापर्यंत हे अधूनमधून माझ्याकडे बघत होते. त्या नजरेने त्यांनी आजवर फक्त गाडीकडे बघितलं होतं.

वसुधाताईंच्या दारात उतरले ती मोकळ्या हातांनी. मुलीची आई, त्यातून बांगड्यांची दुकानदारीण, आणि मनगटं भुंडी! मी हात पदराखाली लपवले. पण वसुधाताईंच्या नजरेतून काय सुटतंय? त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पाटल्या मोडल्यात का हो खर्चासाठी?" त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही काय मागितलं होतं तुमच्याकडे? सांगायचं ना. हॉल रद्द करू, लग्न अंगणात करू."

मागे व्याही रुमालाने डोळे टिपत होते. केतकीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आता आब राखायचा तर खरं बोलणं भाग होतं.

"मोडल्या नाहीत. गाडीत आहेत."

"मग घालून या की."

"काढल्या तर गाडी चालत नाही."

वसुधाताई आणखी जवळ सरकल्या. मग आणखी हळू आवाजात, "म्हणजे गाडीपायी गहाण ठेवल्यात?"

"ठेवल्या नाहीत हो, बसवल्यात!"

गुरुजींसकट सगळं घर गाडीभोवती जमलं. होणाऱ्या जावयाने क्लॅम्प सोडवला, नळी ओढली आणि टर्बोच्या तोंडावर दोन पाटल्या झळकल्या. हे चार थर समजावून सांगत होते, पण ऐकत कोणीच नव्हतं. वसुधाताई पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग केतकीला जवळ ओढून म्हणाल्या, "बाई गं, तू आईवर गेली असशील तर माझ्या घराची मला काळजी नाय!"

त्या उठल्या, आत जाऊन तबक घेऊन आल्या आणि माझ्यासमोरून सरळ गाडीकडे गेल्या. "लेणं जिच्या हातात, पहिला मान तिचा," असं म्हणून त्यांनी बॉनेटला हळदीकुंकू लावलं.

ओटी मात्र माझीच भरली. गाडीला पदर नव्हता, म्हणून.