काउंटरच्या अलीकडे

तोकिएला स्टुलावर बसवून अर्धा तास झाला होता. तेवढ्यात ती तीनदा उठली होती. एकदा भिंतीवरची पदार्थांची पाटी सरळ करायला, एकदा दारातल्या पडद्यावर बसलेली गावासमोरच्या ज्वालामुखीची राख झटकायला, आणि एकदा उगाचच.

"आई, बस ना!" काउंटरच्या आतून सायोरी ओरडली.

"बसलेच आहे."

कागोशिमाच्या त्या गल्लीत तोकिए एकतीस वर्षं इझाकाया, म्हणजे दारू आणि खाण्याचं छोटंसं दुकान, चालवत होती. नवरा ओसाकाला कामाला गेला तो गेलाच. तेव्हा तिनं सात स्टुलं टाकून दुकान सुरू केलं. सायोरी दारूच्या रिकाम्या खोक्यावर वही ठेवून इथेच अभ्यास करायची. आता ती चौतीस वर्षांची, फुकुओकाच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. तेलाची कढई उचलून उचलून तोकिएच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन करावं लागलं. यापुढे जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सायोरी पंधरा दिवसांची रजा काढून आली. चार दिवस दोघी दुकानावरून रोज भांडल्या. पाचव्या दिवशी सायोरीनं अट घातली.

"आज दुकान मी एकटी चालवणार, तू गिऱ्हाईक. काउंटरच्या आत एक पाऊल टाकलंस, तर सकाळच्या पहिल्या गाडीनं मी परत जाणार. मग तू दुकानाला कुलूप लाव, नाहीतर काय वाटेल ते कर."

सहा वाजता दुकान भरलं. पलीकडच्या बैठकीवर ट्रामच्या कचेरीतल्या चौघी बायका बढतीची मेजवानी करत होत्या. त्यांचं हसणं छताला लागत होतं. शेजारचा न्हावी तोकिएच्या ग्लासात बियर ओतत म्हणाला, "ओकामी-सान, आज मालकीणबाईच गिऱ्हाईक, घ्या! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुमचा चेहरा बाजूनं बघतोय."

"समोरून बघून कंटाळला होतात वाटतं?"

तोकिए हसली, पण ओल्या हातपुसण्यानं तिनं आपल्यापुढची फळी चौथ्यांदा पुसली. बसल्याबरोबर येणाऱ्या छोट्या वाटीत सायोरीनं वांग्याचं मोहरी लावलेलं लोणचं दिलं होतं. चांगलं होतं. जरा तिखट.

"अहो, इकडे जरा!" बैठकीवरून हाक आली.

"हो, आलेच!" तोकिए ओरडली आणि उभीही राहिली.

सगळं दुकान हसलं. सायोरी हसली नाही. तोकिए गुपचूप खाली बसली.

तेवढ्यात हिदाका-सान आले. बत्तीस वर्षं बेटाची फेरीबोट चालवून निवृत्त झालेला माणूस, भर उन्हाळ्यातही शोचू, म्हणजे रताळ्याची कडक दारू, गरम पाण्यातूनच पिणारा. ते तोकिएच्या बाजूच्या स्टुलावर टेकले आणि तोकिएनं बियरचा ग्लास खाली ठेवला.

सहा वर्षांपूर्वी हिदाका-सानच्या बायकोनं मागच्या दाराशी तिचे हात धरले होते. "यकृत बिघडलंय. ते यायचे थांबणार नाहीत. निदान तुम्ही हात आखडता घ्या. कुणाला सांगू नका." तेव्हापासून तिसऱ्या ग्लासापासून त्यांना जवळजवळ नुसतं गरम पाणीच मिळायचं. तोकिएनं वचन पाळलं होतं. सायोरीलाही सांगितलं नव्हतं.

पहिला ग्लास संपला. दुसरा संपला.

"मुली, अजून एक."

सायोरीनं ग्लासात आधी गरम पाणी घातलं, मग शोचू, सढळ हातानं. तोकिएचा एक पाय जमिनीवर आला.

"सायोरी, पाणी जरा जास्त घाल ना."

"गिऱ्हाइकांनी आत लक्ष घालायचं नसतं."

आता काय सांगणार, त्यांच्यादेखत? दुसराही पाय खाली आला. काउंटरच्या टोकाची उचलायची फळी तिच्या हाताशीच होती; ती उचलून आत जायला चार पावलं. चार पावलं टाकली की सायोरी गेली. नाही टाकली तर? तिनं फळीला हात घातला.

हिदाका-साननी घोट घेतला, थांबले, ग्लास दिव्यासमोर धरला आणि खो खो हसू लागले.

"अरे वा! सहा वर्षांनी तिसऱ्या ग्लासात दारू!"

तोकिएचा हात फळीवरच राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"जन्म पाण्यावर गेला माझा, ओकामी-सान. पाणी ओळखणार नाही?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या निगुतीनं फसवत होतात, मोडवेना. घरी बायकोही खूश." त्यांनी ग्लास सायोरीपुढे सरकवला. "माझं वेगळं असतं, मुली. आईला विचार."

सायोरीनं आईकडे पाहिलं, मग फळीवरच्या तिच्या हाताकडे. तोकिएनं हात काढून घेतला.

"असे आणखी किती आहेत?" सायोरीनं हळूच विचारलं.

"न्हावी कोळंबी मागवतो, पण त्याला ती सोसत नाही. मी विसरल्यासारखं करते. आणि ती बैठकीवरची जाडी, तिला..."

"थांब, थांब." सायोरीनं ग्लास बदलला, नव्यात गरम पाणी ओतलं आणि शोचूचे नुसते चार थेंब टाकले. "सगळं एका दमात नको. हॉटेलला मी उद्या फोन करते, येत नाही म्हणून. तू सोमवारी चारला ये आणि एकेकाचं सांग. तिथेच बसून."

"इथेच?"

"तिथेच."

तोकिएनं मान हलवली आणि स्टुलाची कड डाव्या हातानं घट्ट धरली. सायोरीच्या पाठीमागे शेगडीवरचा बांगडा उलटायची वेळ झाली होती. झाली होती. आता तर होऊनही गेली.