चाळीस सेकंदांचा लाल दिवा

शिट्टीबाई होत्या तोवर त्यांच्या गळ्यातली पितळी शिट्टी मी कधी उतरलेली पाहिली नाही. शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना जेवण वाढताना ती असायची, चर्चला जाताना असायची, आणि आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुताना तर असायचीच. एकदा तिथल्या मशीनमधून माझे ओले कपडे काढून कुणीतरी स्वतःचे घालत होता. बाईंनी अशी शिट्टी मारली की त्या गृहस्थाने माझे कपडे मुकाट्याने परत आत घातले. आमची ओळख झाली ती अशी. सगळे त्यांना मिस ओडेसा म्हणत; शिट्टीबाई हे बारसं माझ्या बायकोने, शोभाने केलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मिशिगनमधल्या एका शहराच्या वाहतूक खात्यात मी सिग्नलचा इंजिनिअर होतो. कुठला दिवा किती सेकंद ठेवायचा, हे ठरवायचं काम. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले, त्यामुळे मी सरळ नाकासमोर चालणारा, साहेब खोकला तरी दचकणारा. बाईंनी ते पहिल्याच भेटीत ओळखलं. "इंजिनिअर, खांदे कानाला लागलेत तुझे. खाली घे," असं त्या जिन्यात भेटल्या की म्हणायच्या.

बाईंचं एक पथक होतं. मोहल्ल्यातल्या कृष्णवर्णीय बायका नाचायला, तीन बस ड्रायव्हर ड्रमवर, आणि ट्रॉम्बोन वाजवणारे एक निवृत्त पोस्टमन. दर जूनमध्ये ही मंडळी आपले पूर्वज गुलामगिरीतून सुटल्याचा दिवस साजरा करत. बाईंचे आजोबा टेक्ससचे, सुटले तेव्हा दहा वर्षांचे. "सुटकेची बातमी आमच्या लोकांना दोन वर्षं उशिरा कळली. आता ती मी कोपऱ्यात जाऊन सांगू होय?" असा बाईंचा सवाल. कारण शहराकडून परवाना मिळे तो दरवर्षी नदीपलीकडच्या मैदानाचा, जिथे शनिवारी बससुद्धा जात नसे. बाईंना हवा होता कोर्टासमोरचा चौक. "सुटलो कायद्याने ना? मग नाचायचं कायद्याच्या दारात."

त्या वर्षीही अर्ज परत आला. बाई तडक आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. शोभाने पोह्यांची बशी पुढे केली. त्यांनी वरून आणखी एक हिरवी मिरची घेतली आणि मला विचारलं, "कोर्टाच्या चौकात पायी माणसांचा लाल दिवा किती वेळ असतो?"

शोभा मराठीत म्हणाली, "सांगू नका हं. उगाच जॉबवर बेतेल. आधी कार्ड येऊ दे." पण त्यात गुपित ते काय? घड्याळ लावून कुणीही मोजावं. मी म्हणालो, चाळीस सेकंद. आणि कुठून बळ आलं कोण जाणे, पुढे म्हणालो, "हवं तर साठ करून देतो."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "मुळीच नाही. वाढवलास तर ती तुझी मेहेरबानी होईल. मला त्यांच्याच चाळीस सेकंदांत बसवायचंय."

शनिवारी भर दुपारी पथक फुटपाथवरून आलं. पांढरे कपडे, पिवळे पट्टे, दोन-दोनची रांग, तोंडातून शब्द नाही. कोपऱ्यावर 'डोन्ट वॉक'ची लाल अक्षरं लागली आणि शिट्टी वाजली. मग काय सांगू. ड्रम कडाडले, ट्रॉम्बोन आभाळाकडे गेला, बायकांच्या टाळ्या आणि टाचा एकदम पडू लागल्या. चाळिसाव्या सेकंदाला शिट्टी, आणि सगळे गप्प. रांगेत रस्ता ओलांडून पुढचा कोपरा. पुन्हा लाल दिवा, पुन्हा शिट्टी.

दुसऱ्या फेरीत पोलीस आडवा आला. "इथे थांबून कार्यक्रम करायला परवाना लागतो."

बाईंनी दिव्याकडे बोट केलं. "मी कुठे थांबलेय? तुमच्या दिव्याने थांबवलंय. मोडू का?"

तो वर बघत राहिला. तेवढ्यात 'वॉक' लागलं आणि रांग शिस्तीत त्याच्या शेजारून निघून गेली. तिसऱ्या फेरीला दुकानांतली माणसंही मागून चालू लागली होती. मी पलीकडे एका खांबाआड उभा होतो. बाईंनी मला नेमकं हेरलं आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खांदे खाली, इंजिनिअर." मी रांगेत शिरलो. नाचता येत नाही, टाळ्या वाजवल्या. त्या उन्हात मला आयुष्यात पहिल्यांदा कुणाची भीती वाटत नव्हती.

सोमवारी साहेबाने बोलावलं. मी दिव्यांच्या वेळांची नोंदवही पुढे केली, एकही सेकंद बदललेला नव्हता. "पुढच्या जूनला तो दिवा दहा सेकंदांचा करता येईल?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "नाही. मग गाड्यांना हिरवाही दहाच सेकंद मिळेल, मुख्य रस्ता तुंबेल." कारण खरंच होतं, पण त्या ऑफिसात मी उच्चारलेला तो पहिला नकार. नोकरी राहिली, कार्डही यथावकाश आलं. आणि दर जूनला चौकात शिट्टी वाजत राहिली.

दशक संपता संपता बाई गेल्या. अंत्ययात्रेच्या गाड्यांना तिकडे लाल दिव्याला थांबावं लागत नाही, पोलीस बाकीची वाहतूक अडवून धरतात. पण कोर्टाच्या चौकात लाल दिवा लागला आणि बाईंना नेणारी गाडी आपणहून थांबली. मागच्या गाडीतून त्यांची मुलगी उतरून फुटपाथवर आली. पितळी शिट्टी आता तिच्या गळ्यात होती. एकेका गाडीचं दार उघडू लागलं, ड्रम बाहेर आले.

मी डोळे पुसत बसून होतो. शोभाने कोपराने ढोसलं. "उतरा ना. चाळीसच सेकंद आहेत."

मी खांदे खाली घेतले आणि उतरलो.