सुंदररावांची सहा काडतुसं

आमच्या शूटिंग क्लबात गोळी हिशेबानं झाडतात आणि गप्पा बेहिशेबी. रविवारी कान पुरेसे बधिर झाले, की सगळे कँटीनच्या बाकावर येतात आणि फिल्टर कॉफीबरोबर एकेक किस्सा बाहेर पडतो. माझ्याकडे साठलेत ते बहुतेक सुंदररावांचे. पूर्वी मी ते हसत हसत सांगायचो. हल्ली शेवटाला पोचलो की जमत नाही.

सुंदरराव तंजावरकडचे मराठी. मैलापूरला राहायचे, कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधून रिटायर झालेले. मी पुण्याचा, अंबत्तूरच्या एका गिअरच्या कारखान्यात क्वालिटीला. क्लबातल्या पहिल्याच दिवशी मी आईशी फोनवर बोलत होतो, तर मागून आवाज आला, "आईस सांग, इडली छान पचते, काळजी नको!" चेन्नईत तोवर मला मराठीत कुणी हटकलं नव्हतं. मी तिथल्या तिथे त्यांना काका करून टाकलं.

*

काकांकडे वडिलांचं रिव्हॉल्व्हर होतं. वडील जंगलखात्यात होते. पंचेचाळीस बोअरचं धूड! भानगड एकच, त्या मापाची काडतुसं बाजारात मिळेनात. लायसन्स रिन्यू करायला गेले, तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "सार, गोळीच मिळत नाही, मग ठेवता कशाला?"

काका म्हणाले, "अम्मा, माझे वडीलही आता मिळत नाहीत. फोटो ठेवलाच आहे की!"

बाईंनी शिक्का मारला.

*

क्लबाकडे काडतुसं भरायचा परवाना होता. जुन्या रिकाम्या पुंगळ्या घ्यायच्या, ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू घालायची, वर गोळी दाबायची. काका आपला लॅबमधला तराजू घेऊन यायचे, शिवाय एक काच. प्रत्येक शिशाची गोळी आधी तोलायची, मग काचेवर घरंगळवायची. जरा डगमगली की बाद! "हिचें पोट सुटलें. ही नको. हीही नको."

तासाभरात जेमतेम डझनभर पास. आमचा रेंजवरचा कोच सेल्वम वैतागून म्हणाला, "सार, गोळी निवडताय की सून?"

"सून निभावून घेते रे," काका म्हणाले. "गोळी नाही घेत!"

*

मी तेव्हा यूट्यूबवर शिकलेला. जड गोळी, जास्त दारू, धडाका पाहिजे, असं माझं मत. ते मी काकांना अर्धा तास समजावलं, व्हिडिओही दाखवला. काकांनी शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "ह्याच्या बापाचें आहे काय तें रिव्हॉल्व्हर?"

"नाही, नवीन आहे."

"मग तो कांहींही घालील. माझें म्हातारें आहे रे. म्हाताऱ्यास रात्रीं मऊ भात घालावा, बिर्याणी नव्हे."

हलकी गोळी, बेताची दारू. विषय संपला!

*

मग काकांचा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं नाही, म्हणजे लायसन्स पुढे चालणार नाही. मुलगी कॅनडात, तिला नको होतं. रिव्हॉल्व्हर पोलीस स्टेशनात जमा करायचं होतं. त्या दिवशी काकांनी विनोद केला नाही. "गोदामांत पडेल रे," एवढंच म्हणाले. "चोरांच्या गावठी कट्ट्यांशेजारीं गंजेल."

जमा करण्याआधी एकदा शेवटचं चालवायचं ठरलं. धड पुंगळ्या सहाच उरल्या होत्या. रविवारी दुपारी आम्ही दोघं भरायला बसलो. चार झाल्या आणि साडेचार वाजले. काकांनी हात वर केले. "राहुकाळ. सहा वाजेपर्यंत दारूस हात नाही."

मी म्हटलं, "काका, तुम्ही केमिस्ट्रीवाले ना!"

"केमिस्ट्री कॉलेजांत रे, राहुकाळ घरीं!" असं म्हणून ते कॉफीला गेले.

मला घाई होती. कारखान्यातून फोन आला, तो कानाला लावून मी उरलेल्या दोन भरून टाकल्या. पाचवीत दारू घालायचीच राहिली, हे मला पुढे कळलं! दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस मी.

*

पुढच्या रविवारी काका उभे राहिले. चार बार दणदणीत. पाचवा नुसता फुस्स! अशा वेळी थांबायचं असतं. टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते; मागून दुसरी आली तर नळी फुटू शकते. सेल्वम लांबच्या लेनवर होता. काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी ओरडलो, "फुसका होता! मारा पुढची!"

काका जरा थांबले. मग मारली.

माणसं वाचली, पण नळीला मधोमध अंगठी घातल्यासारखा फुगवटा आला. वडिलांचं रिव्हॉल्व्हर संपलं. सेक्रेटरी धावत आले, रजिस्टर पुढे केलं. मी कबूल करणार, तेवढ्यात काका त्यांना तमिळमध्ये म्हणाले, "नळी जुनी होती." त्यांनीच पेन घेतलं आणि तीन ओळी लिहिल्या. अक्षरं तमिळ दिसली. सेक्रेटरींनी न वाचताच सही केली.

मी माफी मागायला मैलापूरला जाणार होतो. या रविवारी, पुढच्या रविवारी. काका चार महिन्यांनी गेले. मी गेलो तो थेट त्या दिवशीच.

*

परवा रजिस्टर बदलताना सेल्वमनं मला हाक मारली. "सार, हे आमचं अक्षर आहे, पण ही भाषा आमची नाही."

तंजावरचे लोक मराठी तमिळ अक्षरात लिहितात, हे मी ऐकून होतो. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, सेल्वमला मराठी कळत नाही. म्हणून तो एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचत गेला आणि मी ऐकत राहिलो.

"पोरानें पाचवी भरली त्यांत दारू नव्हती. गोळी नळींत अडकली, तें मला आवाजावरून कळलें. तरी सहावी मींच मारली. गोदामांत गंजण्यापेक्षां हें बरें."

"काय लिहिलंय, सार?" सेल्वमनं विचारलं.

मी म्हटलं, "नळी जुनी होती."