साहेबांची गाडी

गाडी माझी होती. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं तर कोणी ऐकत नाही असा माझा अनुभव आहे.

दोन माणसांची, फायबरच्या अंगाची, उघड्या टपाची लाल गाडी. बनलेली गोव्यात. नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी रत्नागिरीत कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, आणि एका हॉटेलवाल्याने हौस फिटल्यावर विकायला काढलेली ही गाडी मी माझ्या पगारातून घेतली होती. माझ्या नवऱ्याला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही. तरी ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी कुंपणाच्या गडग्यावरून मान लांब केली आणि नवऱ्याला म्हणाले, "वा साहेब! हौस आहे हो तुम्हाला!"

नवरा हसला. नुसता हसला. तो स्वभावाने चांगला आहे, खोटं बोलत नाही. पण दुसरा कोणी खोटं बोलला तर त्याला आडवाही येत नाही. मी आत गेल्यावर चिडले, तर म्हणाला, "अगं, कोणाकोणाला समजावत बसायचं?" समजावत बसायला मी सांगत नव्हतेच, एका माणसाला एकदा सांगितलं असतं तरी पुरे होतं.

त्या वर्षी गणपतीला आम्ही ती गाडी घेऊन गावी निघालो. माझं सासर संगमेश्वर तालुक्यात, हायवे सोडून बरंच आत. शेवटच्या चढाला रस्ता असा नाहीच, उघडा जांभा आहे, आणि त्यावरून जीप नि बैलगाड्या जातात म्हणून त्याला रस्ता म्हणायचं. गाडी खाली बसकी, स्प्रिंगा मऊ. चढाच्या मध्यावर गाडीच्या पोटाखाली मोठा कडाका झाला. सायलेन्सर पाइपासकट उखडून मागे रस्त्यात पडला होता. गावातल्या पोरांनी आणि बाप्यांनी गाडी ढकलत वर आणली. ढकलताना प्रत्येक जण नवऱ्याला धीर देत होता. स्टिअरिंगवर मी होते, हे बहुतेक उन्हामुळे कोणाला दिसलं नसावं.

रत्नागिरीला परत आल्यावर गॅरेजात गेले. मला दोन कामं करून हवी होती: चांगले कडक शॉकअप आणि थोड्या उंच स्प्रिंगा, म्हणजे गाडी वर उचलली जाईल आणि वळणावर झुलणार नाही, आणि नवा, मोकळा सायलेन्सर, म्हणजे इंजिनाला नीट श्वास घेता येईल. मी एवढं सगळं सांगितलं. मिस्त्रीने हात पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, असं करा, साहेबांना पाठवा. त्यांच्याशी बोलतो."

मी घरी आले आणि ठरवलं, हे काम आता माझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात होईल. माझ्या हाताने होईल.

दिवाळीची सुट्टी लागली आणि मी साडी खोचून, नवऱ्याची जुनी पँट खाली घालून गाडीखाली शिरले. सामान कोल्हापूरहून मागवलं होतं. जॅकवर गाडी उचलायची आणि त्याच्या भरवशावर न राहता खाली चिऱ्यांची चळत रचायची. आमच्याकडे चिऱ्यांना तोटा नाही. तोटा आहे तो सुटणाऱ्या बोल्टांना. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने सगळे बोल्ट असे धरलेले की पाना लावला की पानाच वाकेल. रात्रभर रॉकेल पाजायचं, सकाळी हातोडीने हलके हलके ठोकायचं, मग पान्यावर लोखंडी नळी चढवून लोंबकळायचं. पहिला बोल्ट कर्र करून फिरला तेव्हा मी गाडीखाली एकटीच ओरडले. सासूबाई रत्नागिरीत आमच्याकडेच असायच्या, त्या ओटीवरून धावत आल्या. त्यांना वाटलं माझा हात गेला.

दाबलेल्या स्प्रिंगेत किती जोर साठलेला असतो हे मी मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले होते. तीच स्प्रिंग स्वतःच्या दोन गुडघ्यांमध्ये धरून तिला कॉम्प्रेसरच्या शिकंज्यात एकेक आटा फिरवून दाबताना तोंडाला कोरड पडते. फळ्यावर स्प्रिंग सुटली तर उत्तर चुकतं, इथे सुटली तर जबडा गेला. मी एकेक बाजू सावकाश केली. चारही चाकं झाली तेव्हा गाडी चांगली वीतभर नाही, पण चार बोटं तरी वर आली होती, आणि बोनेटवर जोर देऊन दाबलं तर एकदाच खाली जाऊन गुमान वर येऊन थांबत होती.

आणि या सगळ्या काळात रस्त्यावरून येणारा-जाणारा काय विचारत होता? "साहेब कुठे गेले हो, तुम्हाला इथं बसवून?" मासळीवालीने विचारलं, पोस्टमनने विचारलं, माझ्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकाने विचारलं. जसं काही साहेब पाना आणायला आत गेलेत आणि मी तोवर गाडी उडून जाऊ नये म्हणून खाली धरून पडले आहे. साहेब आत वर्तमानपत्र वाचत होते. एकदा मी त्याला उजेडासाठी बॅटरी धरायला बोलावलं होतं, तर त्याने ती पूर्ण वेळ स्वतःच्या चपलांवर धरली. चहा मात्र वेळच्या वेळी आणला, ते नाकारत नाही.

मग सायलेन्सर. हा शब्द ज्याने आपल्याकडे आणला त्याला मी एकदा भेटणार आहे. मी सासूबाईंना सांगितलं, "आई, आता नवा सायलेन्सर बसवणार." त्यांना तो शब्द ठाऊक होता, त्याचा अर्थही कोणीतरी सांगितला होता. त्या हरखल्याच. "बरा झाला गो! त्या मोडक्या नळीनं माजा डोका उठवलान. आता गप्प बसंल." मी समजावून सांगितलं की हा वेगळा आहे, मोकळा आहे, आवाज थोडा वाढेल. त्या म्हणाल्या, "वाढंल कसा? सायलेन्सर ना तो?" शेजारच्या गृहस्थांनाही त्यांनीच कळवलं, आणि त्यांनी नवऱ्याचं अभिनंदन केलं.

तो मी मिरकरवाड्यात करून घेतला. तिथे एक जण मच्छीमार बोटींच्या इंजिनांची धुराडी वेल्डिंग करून द्यायचा. मी चित्र काढून नेलं होतं, सगळी मापं टाकून. त्याने चित्र हातात घेतलं, नीट पाहिलं, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला विचारलं, "साहेब, पाइप केवढा जाड धरू?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी माप सांगितलं. नवऱ्याने तेच माप त्याला पुन्हा सांगितलं. मगच ते त्याला ऐकू गेलं.

गाडीखाली झोपून मी तो सायलेन्सर रबरांवर टांगला, जोड घट्ट केले आणि इंजिन सुरू केलं. ट्रॉलर बंदरात शिरावा तसा धीरगंभीर आवाज निघाला. ओटीवर वाळत घातलेल्या सुपाऱ्या टोपलीत खुळखुळल्या. सासूबाई कानावर हात ठेवून बाहेर आल्या आणि नवऱ्यावर ओरडल्या, "काय करून ठेवलास रे हा!" शिव्यासुद्धा त्यालाच! त्या तरी माझ्या होत्या ना!

पुढे शिमगा आला. सासूबाई आधीच एसटीने गावी गेल्या होत्या. आम्ही दोघं गाडीने गेलो. तो जांभ्याचा चढ आला, मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, आणि गाडी एकदाही पोट न घासता, घुमत घुमत वर चढली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, देवाची पालखी बसली होती, सगळा गाव जमला होता. आवाज ऐकून लोक वळून बघायला लागले. ढकलणारे ते सगळे बाप्ये पुढे झाले, गाडीखाली वाकून बघून आले, आणि नवऱ्याच्या पाठीवर थापा पडायला लागल्या. "घरच्या घरी केलास? मुंबईचा मिस्त्री लाजंल!" नवरा तसाच हसत उभा. मी वाट बघत होते. आता तरी म्हणेल. एक वाक्य. "हिने केली." दोन शब्द. म्हणाला नाही.

आमच्याकडे नवी गाडी देवापुढे आणली की गाऱ्हाणं घालतात, म्हणजे एक जण देवाला साकडं घालतो आणि बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतात. नवऱ्याचे एक चुलत काका मानकरी होते. त्यांनी नारळ हातात घेतला, पालखीपुढे डोळे मिटले, सगळे हात जोडून मागे उभे राहिले. बायका एका अंगाला.

"बा महाराजा! आज ह्या तुज्या लेकरानं गाडी तुज्या पायाशी आणलीन..."

"व्हय महाराजा!"

"सोताच्या हातानं तिचे शॉकअप घातलेन, सायलेन्सर घातलान..."

"नाय महाराजा!"

तो आवाज माझा होता. गाऱ्हाण्यात 'नाय' म्हणायची पद्धत नाही. कोणी म्हटल्याचं कोणाला आठवतही नव्हतं. ढोलवाल्याची काठी हातातच राहिली. काकांनी एक डोळा उघडला.

"काय गो? काय झाला?"

"काका, माणसांत काय बोलायचं ते बोला. देवासमोर खोटं नको. ती मी केली."

काका पेचात पडले. गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाही, आणि खोटं पुढे रेटणंही बरं नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आपल्या चपलांकडे पाहिलं. मग काकांनी घसा साफ केला आणि पुन्हा डोळे मिटले.

"तर महाराजा, काय चुकला माकला असंल तर पोटात घाल. गाडी हिनं केलीन. आणि हिच्या घोवानं ती हिला करू दिलीन! असा मोठा मन त्याचा, महाराजा, तो असाच मोठा ठेव, त्याची राखण कर!"

"व्हय महाराजा!"

सगळा गाव म्हणाला. त्यात नवऱ्याचा आवाज होता. चांगला खणखणीत होता.

करू दिलीन!  संतापाने कानशिलं तापली. मी वळले आणि गाडीत जाऊन बसले. किल्ली फिरवणार तोच पलीकडचं दार उघडलं. सासूबाई होत्या. गाडी चार बोटं उचलली तरी त्यांच्या गुडघ्यांना बसकीच. दाराला धरून, लुगडं सावरून, कण्हत आत बसल्या. नवरा प्रसादाचा नारळ घेऊन धावत आला.

"आई, मी कुठं बसू?"

"तू एसटीनं ये," त्या म्हणाल्या.

गावाबाहेर सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार लागतं. तिथे आमची आंब्याच्या कलमांची बाग आहे, सगळ्या पंचक्रोशीत मामंजींच्या नावाने ओळखली जाणारी. सासूबाईंनी हात वर केला. मी गाडी थांबवून बंद केली.

"ही कलमा कोणी लावलेन, ठाव हाय?"

"मामं..." एवढं तोंडून गेलं, आणि मी जीभ चावली.

"ते मुंबयस, गिरणीत," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात यायचे नि आंबे खाऊन जायचे. कातळाला सुरुंग लावायला तेवढी माणसा बोलावली. मग खड्डा भरायला माती खालच्या वाडीतनं. डोक्यावरनं. मी. पाण्याचा हंडा पण मीच. तुजा घोव तेवा पाठीला बांधलेला." त्यांनी हनुवटीने बागेकडे खूण केली. "आंब्याच्या पेटीवर नाव ह्यांचा. गाऱ्हाण्यात पण ह्यांचा. आणि मी बायकांत उभी राहून व्हय महाराजा."

 त्यांचा हात माझ्या गिअरवरच्या हाताशेजारी होता, माझ्या हाताइतकाच खरबरीत.

"चल," त्या म्हणाल्या.

त्यांचं डोकं उठू नये म्हणून मी गाडी अगदी हळू सुरू केली. त्यांनी दोन क्षण कान देऊन ऐकलं.

"ह्याच्यापरीस मोठा आवाज होत नाय काय गो हिचा?"

"होतो," मी म्हटलं, आणि गाडी परत सहाणेकडे वळवली.